धागा: मराठवाड्यात ३० लाखांच्या आत घर. गावोगावचे भाव एका मापात कसे आणायचे?

पैठणगेट

"लातूर स्वस्त की नांदेड?" हा प्रश्न इथे दर दोन महिन्यांनी येतो आणि खाली वीस जण वीस आकडे टाकून जातात. एकाचा आकडा सुपर बिल्टअपचा (जिना-लॉबीचा वाटा धरून), दुसऱ्याचा मोकळ्या प्लॉटचा, तिसऱ्याचा करोनाच्या आधीचा. म्हणून हा धागा निव्वळ हिशेबाचा. मेव्हण्याने कुठे काय घेतलं ते दुसऱ्या धाग्यावर सांगा.

पहिली गोष्ट माप. "साडेतीन हजार रुपये फूट" असा बोर्ड दिसला की विचारायचं, कुठला फूट? समजा १,००० फूट सुपर बिल्टअपचा फ्लॅट ३,५०० दराने ३५ लाखांना आहे आणि रेराच्या (बिल्डरांवरच्या नियामक कायद्याच्या) व्याख्येचा कार्पेट, म्हणजे आतलं वापराचं क्षेत्र, त्यात ७०० फूटच निघतो. म्हणजे खरा दर ५,००० पडला. शेजारच्या स्कीममध्ये तेवढाच ७०० फूट कार्पेट ४,६०० दराने मिळत असेल, तर तो ३२ लाख २० हजारांना बसतो. बोर्डावर महाग दिसणारं घर पावणेतीन लाखांनी स्वस्त निघालं.

रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची धरत नाहीत. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडला की प्रत्येक फ्लॅटचा कार्पेट चौरस मीटरमध्ये दिलेला असतो, त्याला १०.७६४ ने गुणा. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरच्या वर आणि सदनिकाही आठाच्या वर असतील तर नोंदणी लागते. प्लॉटिंगलाही लागते, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही.

मुद्रांकी

चांगला धागा. भाव खरा कळायचा तर एकच जागा आहे, सूची-२, म्हणजे इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. दलाल सांगतो तो "मागणीचा" भाव. दस्तात असतो तो निदान सही करून दिलेला.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर मोफत ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकायचा. अडतं ते इथेच. एकच जागा कुणी गट नंबरने नोंदवलेली असते, कुणी प्लॉट नंबरने, कुणी सिटी सर्व्हे नंबरने, म्हणून तिन्ही टाकून तीनदा शोधायचं. शहराला लागून वाढलेल्या वसाहतींचे दस्त बहुधा जुन्या मौजाच्या (महसुली गावाच्या) नावाखाली सापडतात. सातारा, देवळाई, तरोडा, खाडगाव हे मौजे म्हणून शोधा, वसाहतीचं नाव टाकून काही हाती लागणार नाही.

मागच्या बारा महिन्यांतले किमान आठ-दहा दस्त काढा. बक्षीसपत्र, हक्कसोड, विकसन करारनामा, गहाणखत बाजूला करा आणि फक्त खरेदीखतं व करारनामे ठेवा. मोबदला भागिले क्षेत्र. येणारे दर चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. सरासरी घेऊ नका, एखादा कोपऱ्याचा दुकानवाला प्लॉट सगळी सरासरी बिघडवतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. वर्षभरात त्या गटात दोनच दस्त झाले असतील तर तिथे भाव असा नाहीच. उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळायला वर्ष जाईल. छोट्या गावातला "स्वस्त" दर बघताना हे आधी तपासा.

गोदाकाठ

रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्ता, बघितला तर चालत नाही का? तोही सरकारीच आहे की.

मुद्रांकी

@गोदाकाठ, मुद्रांक किती भरायचा ते ठरवण्यापुरता चालतो. बाजाराचा अंदाज बांधायला कच्चा आहे. तक्त्यातले दर चौरस मीटरचे असतात. समजा निवासी सदनिकेचा दर ३२,००० आहे, तर फुटाला २,९७३ झाले. वरचा ७०० फूट कार्पेट म्हणजे ६५.०३ चौ.मी. त्याला १.१ ने गुणून बिल्टअप ७१.५३ चौ.मी. धरला तर मूल्य साधारण २२ लाख ८९ हजार येतं. करारातली किंमत ३२.२० लाख आहे, म्हणून शुल्क ३२.२० लाखांवर. दोन्हींतलं जे जास्त ते.

उलट प्रकार झाला, म्हणजे करार रेकनरच्या खाली गेला आणि फरक १० टक्क्यांहून जास्त पडला, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. "थोडं रोख द्या, दस्त कमीचा करू" म्हणणारे हे सांगत नाहीत. शिवाय कर्ज दस्ताच्या किमतीवर मिळतं, रोख दिलेल्यावर नाही.

आता वरखर्च, त्याच ३२.२० लाखांवर. महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक आणि १ टक्का स्थानिक संस्था कर, मिळून १,९३,२००. सगळे घेणारे महिला असतील तर निवासी घराला १ टक्का सवलत, म्हणजे १,६१,०००. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. बांधकाम चालू असेल, किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी शून्य. एकूण अडीच लाखांच्या वर जातात आणि हे बँक घराच्या किमतीत धरत नाही, खिशातून द्यावे लागतात.

मराठवाड्यात महापालिका पाच आहेत: संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना. बीड, धाराशिव, हिंगोली नगरपरिषदा. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक कमी बसतो. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत घेत असाल तर त्या दिवसाचा दर दुय्यम निबंधकाकडून लिहून घ्या.

गटनंबर_४२

दर, माप सगळं ठीक. पण आपल्याकडे दोन शेजारच्या प्लॉटांच्या भावात दुपटीचा फरक असतो, तो कागदामुळे. जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे बुडतात ते इथेच.

सर्वात स्वस्त असतो बाँडवरचा प्लॉट. शंभराच्या, आता पाचशेच्या मुद्रांकावर लिहून घेतलेला, नोटरी केलेला. शंभर रुपयांवरच्या कुठल्याही स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हा १९०८ चा कायदा आहे. नोटरीने मालकी येत नाही. त्या कागदाला किंमत शून्य धरा, मग भाव आपोआप महाग दिसायला लागतो.

त्यावरचा प्रकार गुंठेवारी. शेतातले गुंठे पाडून विकलेले, ना लेआउट मंजूर, ना रस्ता. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात आहे का? "फाईल टाकलीय" म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र नसेल तर विकास शुल्क, दंड आणि मोजणी यांचा खर्च भावात मिळवा. शिवाय रस्त्याच्या रुंदीत प्लॉटचा किती भाग जाणार ते बघा. २० बाय ३० च्या ६०० फुटांतून पुढचे चार फूट गेले तर ८० फूट गेले.

मग एनए, म्हणजे बिनशेती. इथे दोन शब्द ऐकू येतात, "एनए ४४" आणि "एनए ४२". जमीन महसूल संहितेचं कलम ४४ म्हणजे रीतसर बिनशेती परवानगी. ४२ च्या पोटकलमांत विकास आराखड्यातल्या किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी परवानगी लागत नाही, पण रूपांतरण कर भरून सनद घ्यावी लागत असे. नुसतं "४२ मध्ये बसतं" असं म्हणणाऱ्याकडे सनद मागा. आणि एनए झालं म्हणजे लेआउट मंजूर झाला असं नाही! तात्पुरता लेआउट आणि अंतिम लेआउट वेगळे. अंतिम नकाशाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीवर आपला प्लॉट नंबर बोट ठेवून शोधा. खुली जागा म्हणून सोडलेला तुकडा प्लॉट म्हणून विकल्याची प्रकरणं प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

आता खास मराठवाड्याचं. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जमिनीचे प्रकार पुणे-नाशिकपेक्षा निराळे. मदतमाश, खिदमतमाश इनाम, देवस्थान, वक्फ, हाडोळा, गायरान, कुळाची, सीलिंगची. यातल्या बऱ्याच भोगवटादार वर्ग २ मध्ये येतात आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. आजच्या सातबारावर वर्ग १ दिसतं म्हणून समाधान मानू नका. १९५४-५५ चं खासरा पत्रक (जुनी जमीननोंद) काढा, इनाम असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा निजामकालीन आदेश, मागा आणि तिथपासून आजपर्यंत फेरफारांची साखळी जुळवा. जुनी कागदं उर्दूत किंवा मोडीत निघतात. वाचणारा माणूस वकिलाच्या ओळखीत असतो, चार पैसे लागतील ते द्या. वक्फची नोंद वक्फ मंडळाच्या यादीतही तपासा, मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरातच पाणचक्कीला आहे.

एक राहिलं. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही. त्यावर घर विकणारा भेटला तर चहा पिऊन परत या.

औसारोड

गटनंबर भाऊ, हे छापून रजिस्ट्री ऑफिसच्या दारात लावायला पाहिजे बगा. एक विचारायचं होतं, सिडकोच्या घरांचं काय? ते तर सगळ्यात क्लिअर म्हणतेत.

गटनंबर_४२

@औसारोड, नकाशा-रस्त्याच्या बाबतीत क्लिअर आहेत, हो. पण सिडकोची मिळकत मुळात भाडेपट्ट्याची. संभाजीनगरचे एन सेक्टर, वाळूज महानगर, नांदेडचं सिडको, सगळीकडे हस्तांतरणाला परवानगी आणि शुल्क लागतं. मूळ वाटपपत्र, भाडेपट्टा, त्यानंतरचं प्रत्येक हस्तांतरण अशी साखळी पूर्ण पाहिजे. मधला एक व्यवहार मुखत्यारपत्रावर झाला असेल तर ते शुल्क दंडासह तुमच्या गळ्यात येतं. भाव ठरवायच्या आधी थकबाकीचं पत्र विकणाऱ्याने आणायचं. संभाजीनगरच्या जुन्या सिडकोतले रस्ते-पाणी २००६ पासून महापालिकेकडे आहेत, जमिनीची कागदं सिडकोकडेच. दोन्हीकडे खेटे आलेच.

काळीमाती

सगळे फ्लॅटवरच बोलायलेत. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवात लोक प्लॉट घेऊन बांधतात. तिथे तुलना करताना जमीन अधिक बांधकाम अधिक पाया असं तीन खात्यांत लिहा. पायाचं खातं लोक विसरतात.

काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. म्हणून प्लॉट बघायला जाताना एकच प्रश्न: मुरूम किती फुटांवर लागतो? शेजारी कुठे खोदकाम चालू असेल तिथे डोकावून बघा. चार-पाच फुटांत कडक मुरूम लागला तर साधे कॉलम फुटिंग भागतं. आठ-दहा फूट काळी निघाली तर एकतर तेवढं खोल जा किंवा अंडर-रीम्ड पाइल घ्या. साधारण साडेतीन मीटर खोल, खाली शाफ्टच्या अडीचपट व्यासाचा फुगा, वर सगळे पाइल प्लिंथ बीमने बांधलेले. खोदलेली काळी माती परत प्लिंथमध्ये भरू नका. ठेकेदार भरतोच, कारण ती फुकट असते. मुरूम सहा-आठ इंचाच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून भरून घ्या. घराच्या चारी बाजूंनी दोन-तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा द्या, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. लातूर-धाराशिवकडे बांधणाऱ्यांनी प्लिंथ, लिंटेल आणि स्लॅब तिन्ही पातळ्यांवर आडवे काँक्रीटचे पट्टे द्यायला चुकू नये. १९९३ च्या किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या, कारण त्या अशा पट्ट्यांनी एकत्र बांधलेल्या नव्हत्या.

मालाचा अंदाज: आरसीसी घराला फुटामागे ०.४ ते ०.४५ पोती सिमेंट आणि साडेतीन ते साडेचार किलो सळई. ८०० फुटांच्या घराला ३२० ते ३६० पोती आणि २.८ ते ३.६ टन सळई. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये सळई दोन टनच दिसली तर भाव कमी कुठून झाला ते कळलं. सळई जालन्यातच बनते, त्यामुळे आपल्याला वाहतूक कमी पडते. वाळूचं उलटं आहे, घाटाचे लिलाव थांबले की भाव चढतो. प्लॅस्टर वगळता कृत्रिम वाळू धरून हिशेब करा.

नाथसागर

पाणी कुणीच लिहिलं नाही? मराठवाड्यात घराचा भाव विचारताना पाण्याचा वार विचारला नाही तर काय विचारलं.

हिशेब असा. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांना दिवसाला ५४० लिटर. उन्हाळ्याचे १०० दिवस म्हणजे ५४,००० लिटर, ५,००० लिटरचे ११ टँकर. टँकर समजा ८०० रुपये, तर वर्षाला ८,८००. बोअर मार्चमध्ये आटला तर तेवढं निश्चित. सोसायटी बारा घरांची असेल तर रोज साडेसहा हजार लिटर लागतात, म्हणजे एक टँकर पुरत नाही, आणि मेंटेनन्सचा आकडा उन्हाळ्यात दुपटीवर जातो. म्हणून मेंटेनन्सची पावती मे महिन्याची मागा. दिवाळीतली दाखवतील.

स्रोतही बघा. संभाजीनगरला पैठणहून जायकवाडी, लातूरला मांजरा, नांदेडला विष्णुपुरी, परभणीला येलदरी, धाराशिवला थेट उजनी. मांजरा कोरडं पडलं तेव्हा २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नांदेडला प्रश्न उलटा, तिथे गोदावरीची पूररेषा बघा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधलं घर स्वस्त मिळतं, पण जोत्याची पातळी किती ते नकाशावर तपासा.

आणि "नळ कनेक्शन आहे" यावर थांबू नका. वितरणाची लाईन टाकीवरून आहे की टँकरच्या पॉइंटवरून, किती दिवसांआड येतं, किती मिनिटं येतं, हे तळमजल्यावरच्या बाईंना विचारा. बिल्डरला नको.

गोदाकाठ

शेंद्रा-बिडकीन, समृद्धी, बीडची रेल्वे यामुळे भाव वाढणार म्हणतात. ते धरायचं की नाही?

पैठणगेट

@गोदाकाठ, राहायला घेताना धरू नका. समृद्धी जून २०२५ ला पूर्ण खुली झाली, बीडला रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला आली. जे घडून गेलंय ते विकणाऱ्याने भावात आधीच मिळवलेलं असतं. समृद्धीवर वाटेल तिथे चढता येत नाही, इंटरचेंजवरूनच, तेव्हा "समृद्धी टच" प्लॉटला महामार्गाचा आवाज मिळतो आणि रस्ता वीस किलोमीटर लांब पडतो. करमाड-बिडकीन पट्ट्यात शेतीच्या झोनमधले तुकडे "इंडस्ट्रियल बेल्ट" म्हणून विकायलेत. नगररचनेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, त्यात डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता, आरक्षण, झोन तिन्ही दिसतं.

हप्ताबहाद्दर

पुण्यात नोकरी आणि घर गावाकडच्या शहरात, असा विचार करणाऱ्यांसाठी एक चाळणी. किंमत भागिले वर्षाचं भाडं. समजा लातुरात ३० लाखांचा फ्लॅट ८,००० ने जातो, तर ९६ हजार, म्हणजे ३१ पट. पुण्यात ६० लाखांचा १८,००० ने जातो, तर २.१६ लाख, म्हणजे २८ पट. निम्म्या किमतीचा फ्लॅट भाड्याच्या मापात महागच निघाला. लातुरात क्लासेसच्या पट्ट्यात हे गणित सुधारतं, पण तिथे भाडेकरू शैक्षणिक वर्षापुरता असतो, एप्रिल-मे रिकामे धरा. बंद ठेवायला घेत असाल तर हप्ता, मेंटेनन्स, घरपट्टी तिन्ही खिशातून.

हप्ता: साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांना लाखामागे ८६८ रुपये. २० लाखांना १७,३५६. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, पुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. बाँडवरच्या किंवा नियमित न झालेल्या गुंठेवारीवर राष्ट्रीयीकृत बँक दारात उभी करत नाही. तिथे कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचा व्याजदर तीन-चार टक्के चढा पडला तर वीस वर्षांत स्वस्त प्लॉटची स्वस्ताई संपते.

औसारोड

सरकारी योजनेतलं कुणी सांगा की. आवास योजनेत फॉर्म भरू का म्हाडात?

मुद्रांकी

दोन्ही वेगळ्या. प्रधानमंत्री आवास शहरी २.० मध्ये भारतात कुठेही स्वतःचं पक्कं घर नको. स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्र दीड लाख आणि राज्य एक लाख, उत्पन्न तीन लाखांच्या आत. विकत घेणाऱ्यांना व्याज सवलत: उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत. पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के सवलत, कमाल १.८० लाख, पाच हप्त्यांत. हप्ते थकले की सवलतही थांबते, म्हणून ती आधी हिशेबात धरू नका.

म्हाडाचं छत्रपती संभाजीनगर मंडळ मराठवाड्याची सोडत काढतं. आपल्या भागात, संभाजीनगर शहर सोडून, अत्यल्प गटाला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, अल्प साडेसात, मध्यम बारा, त्यावर उच्च. पती-पत्नीचं मिळून धरतात, इथे अर्ज बाद होतात. अधिवास दाखला २०१८ नंतरचा, बारकोड असलेला लागतो. पहिल्या सोडतीत न गेलेली घरं नंतर प्रथम येणाऱ्याला देतात, तिकडे लक्ष ठेवा. पण ती का उरली ते जागेवर जाऊन बघा. बहुतेक वेळा उत्तर वर नाथसागर यांनी लिहिलंय तेच असतं.

गटनंबर_४२

बँक लिलावाचंही एक. भाव खरंच कमी असतो, पण वेळ नसतो. १० टक्के अनामत आधी, बोली लागली की त्या दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के पूर्ण करायचे, उरलेले १५ दिवसांत. एवढ्यात कर्ज मंजूर होत नाही, ते आधीच करून ठेवा. नाही भरले तर भरलेलं जप्त. नोटिशीत "प्रतीकात्मक ताबा" लिहिलं असेल तर आत माणसं राहतात आणि ती काढायचं काम लांबतं. "प्रत्यक्ष ताबा" असेल तरच बोली लावा. सोसायटीची आणि महावितरणची थकबाकी तुमच्या माथी.

औसारोड

एक शेवटचं. टोकन किती द्यायचं? पन्नास हजार आजच द्या म्हणायलाय.

मुद्रांकी

बिल्डर असेल तर करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांवर घेता येत नाही, रेराचा नियम. खासगी मालक असेल तर आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सूची-२ आणि वकिलाचा ३० वर्षांचा सर्च, मग इसार. आजच पाहिजे म्हणत असेल तर चेकने पाच-दहा हजार द्या. इसारपावतीवर गट नंबर, प्लॉट नंबर, चतु:सीमा, ठरलेली एकूण किंमत आणि "कागदपत्रांत दोष निघाल्यास इसार परत" ही ओळ लिहून घ्या. ती ओळ लिहायला तो तयार नसेल तर पन्नास हजार वाचले.

औसारोड

विचारून बगतो. गट नंबर अजून सांगितलाच नाही त्यानं.